आण्णांचा कान आणि चुगलखोर टॅब

आमचे वडील, म्हणजे आण्णा, घोडेगावच्या म्हशींच्या बाजारात हयात घालवलेले व्यापारी. त्यांना ऐकू कमी येतं हे त्या बाजाराला कळायला किती वर्षं लागावीत? अजून कळलेलं नाही. कारण आमच्याकडं सौदा तोंडानं होतच नाही. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. भोवती जत्रा जमलेली असली तरी तिला फक्त रुमाल हललेला दिसतो. अशा धंद्यात कानाला काम काय? ऐकू येत होतं तेव्हाही समोरचा काय बोलतो याकडं आण्णांनी लक्ष दिलं नव्हतं. तोंड खोटं बोलतं, बोट खरं बोलतं, एवढ्यावर त्यांनी अर्ध्या जिल्ह्याच्या म्हशी इकडच्या तिकडं केल्या.

घरी मात्र रुमाल नव्हता, टीव्ही होता. आण्णांनी बातम्या लावल्या की आमच्या गोठ्यातल्या म्हशींना मंत्रिमंडळ पाठ व्हायचं. आमचा टीव्ही चालू असला की तिकडं श्रीरामपूरच्या स्टेशनात प्रवाशांना गाडीची घोषणा ऐकू येत नाही, अशी अफवा मीच उठवली होती, आणि पुढं पुढं ती मलाही खरी वाटायला लागली.

पण कानाच्या मशीनचं नाव काढायची सोय नव्हती. मिरजगावच्या माझ्या आत्यानं एकदा भाबडेपणानं म्हटलं, "दादा, कानाला मशीन लावून घे की." त्या भाऊबीजेला आण्णांनी ओवाळून घेतलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. आम्हाला बजावलं, "कानात मशीन घातलेला यापारी म्हंजी दात पडलेली म्हस. कुनी हात धरत न्हाई. पुन्ना ह्यो इषय काढाल तर मी घर सोडून बाजारतळावर राहायला जाईन." आण्णा बोलतात ते करतात. बाजारतळावर त्यांची खाट टाकून मला ज्वारीची भाकरी पोचवावी लागली असती.

तरीही विषय काढणं भाग पडलं, आणि त्याला कारण उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि आण्णा हायवे ओलांडत निघालेले, स्वतःच्या ओसरीत फिरावं तसे. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. माझं पशुखाद्याचं दुकान रस्त्याला लागूनच आहे. सरकी पेंडीचं पोतं टाकून मी धावलो आणि त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. ट्रॉली इतक्या जवळून गेली की उसाच्या पाल्यानं आण्णांची टोपी झाडून काढली. आण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "आरं, येवढ्या घाईनं कुटं निगालास?"

त्या दिवशी मी ठरवलं. आण्णांच्या कानात मशीन बसवायचं, आणि ते कुणी आपल्या गळ्यात मारलं असा त्यांना वास लागू द्यायचा नाही. वास लागला तर सगळं संपलं. पुढची ट्रॉली टोपीवर थांबेलच असं नव्हतं.

माझ्या मोबाईलचा पडदा एवढुसा आणि माझे डोळे आण्णांच्या कानांचे सख्खे भाऊ. म्हणून मी घरचा टॅब घेतला. त्यावर आण्णा दुपारची झोप झाली की कुस्त्या आणि जनावरांचे बाजारभाव बघतात. ते घोरत असताना मी कानाच्या मशीनांची दुकानं धुंडाळली. प्रत्येक दुकानाच्या दारात एक पट्टी आडवी यायची, 'आम्ही कुकीज वापरतो', आणि खाली मोठं रंगीत बटण, 'सगळं मान्य'. शेजारी बारीक राखाडी अक्षरात आणखी काहीतरी असायचं. लग्नात पंगतीला बसल्यावर वाढप्याला जसं 'वाढ, वाढ' म्हणतो, तसं मी सगळीकडं 'मान्य, मान्य' करत सुटलो. कानामागं बसणारं, दणकट, म्हशीनं पाय दिला तरी फुटणार नाही असं एक मशीन मनात भरलं.

संध्याकाळी आण्णांनी कुस्ती लावली. पैलवानांनी एकमेकांचे लंगोट धरले न धरले तोच बाजूच्या चौकोनात ते मशीन येऊन बसलं. आण्णांनी पान बदललं. बाजारभाव काढले. तिथं जाफराबादी म्हशीशेजारी तेच मशीन.

"आरं ये," आण्णांनी हाक मारली. आण्णांची हाक म्हणजे शेजारच्या तीन गल्ल्यांतले लोक दारात येतात. "हे काय चिकाटलंय?"

मी सापडलो होतो. पण मी व्यापाऱ्याचा पोरगा. त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आण्णा, ते जनावराच्या कानाचं आहे! नवीन बिल्ला! सरकारी!"

आण्णांनी टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "येवढुसा? म्हशीच्या कानात जाऊन बसंल त्यो. आन् म्हस डोकं हालवंल तवा खुळखुळा वाजंल. सरकारला काय कळतंय?"

वेळ निभावली. मी चुलीपाशी जाऊन बायकोला सगळा प्रकार सांगितला. आमच्या सौ. हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतात, आणि वर्गात उरलेला वेळ घरी माझ्यावर खर्च करतात.

"अहो, सगळीकडं 'मान्य' दाबलंत?"

"मग? आपण होऊन कुणी विचारतंय, नाही कसं म्हणायचं?"

तिनं कपाळाला हात लावला. पीठ होतं, ते कपाळाला लागलं. मग तिनं माझ्या बुद्धीला झेपेल अशा भाषेत, म्हणजे म्हशींच्या भाषेत समजावलं.

"बाजारात सौदा झाला की व्यापारी म्हशीच्या पाठीवर गेरूचा फराटा मारतो, बरोबर? म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच ओळखू येतं, ही आपली. कुकी म्हणजे तो फराटा. तुम्ही एखाद्या साइटवर गेलात की ती तुमच्या ब्राउझरमध्ये एक बारीक खूण ठेवते. खूण तिच्या घरात नसते, तुमच्याच पाठीवर असते. पुन्हा गेलात की खूण बघून ओळखते: हा काल आला होता, याला मराठी पाहिजे, यानं पिशवीत अमुक वस्तू टाकून ठेवलीय. हे चांगलंच आहे. नाहीतर दर वेळी 'तुम्ही कोण' इथून सुरुवात."

"मग कुस्तीवाल्याला कसं कळलं? त्याच्याकडं मी मशीन कुठं बघितलं?"

"तिथंच गंमत आहे. समजा एक चहावाला आहे. तो घोडेगावच्या बाजारात टपरी लावतो, काष्टीच्या बाजारात लावतो, सगळीकडं लावतो. तुम्ही घोडेगावला चहा प्यायला गेलात, तर हा पठ्ठ्या चहा देता देता तुमच्या पाठीवर स्वतःचा निळा ठिपका देतो. मग काष्टीला तुम्ही दिसलात की म्हणतो, अरेच्चा, हा तर मुऱ्हा म्हैस बघत होता! आणि मुऱ्हावाल्यांना तुमच्यामागं सोडतो. जाहिरातवाले म्हणजे तो चहावाला. त्यांची टपरी मशीनच्या दुकानातही होती आणि कुस्तीच्या पानावरही."

मला त्या चहावाल्याचा मनापासून राग आला. आणि एका क्षणात उपाय सुचला. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही तोच सुचला असता. आण्णांनी मला लहानपणी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की जी म्हैस घ्यायची तिच्याकडं बघायचं नाही. दुसऱ्या चार म्हशींचे दात बघ, तिसरीच्या कासेला हात लाव, चौथीच्या मालकाशी भांड, आणि जाता जाता पाहिजे त्या म्हशीच्या मालकाला विचार, 'हिचं काय?' चहावाला असो नाहीतर चहावाल्याचा बाप, त्याला चकवायची हीच रीत.

दुसऱ्या दिवशी आण्णा झोपल्यावर मी टॅबवर बसलो आणि नको त्या वस्तू बघायचा धडाका लावला. टक्कल झाकायचे टोप बघितले. पेटी बघितली, वाजवायची. पोहण्याच्या चड्ड्या बघितल्या. आमच्या गावात पोहायचं म्हणजे मुळा धरणाचा कालवा, आणि तिथं असली चड्डी घालून उतरलो असतो तर मासेही हसले असते. शेवटी तान्ह्या बाळाचा पाळणा बघितला, चांगला तासभर, चारी बाजूंनी. प्रत्येक ठिकाणी 'सगळं मान्य'. म्हटलं, आता शोध बेट्या, मला काय पाहिजे ते.

त्यानं शोधलं नाही. त्याला शोधायची गरजच नव्हती. म्हशीचा मालक चकतो कारण त्याला एकच गिऱ्हाईक सांभाळायचं असतं आणि त्याचं डोकं एकच असतं. हा चहावाला सगळंच लक्षात ठेवतो आणि सगळंच दाखवतो. संध्याकाळी कुस्तीच्या डाव्या बाजूला टोप, उजव्या बाजूला पेटी, खाली चड्डी, आणि मधोमध, पैलवानाच्या छातीवर, पाळणा. कानाचं मशीनही होतंच, चड्डीच्या शेजारी.

आण्णांनी पाळणा बघितला. मग सुनेकडं बघितलं. ती बिचारी लसूण सोलत होती. आमची लेक बाहेरगावी कॉलेजात शिकते आणि आमच्या सौ.चा चष्मा बदलून आत्ताच आला होता. पण आण्णांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते मी आयुष्यात बघितलं नव्हतं. सौदा पक्का होण्याआधी बोभाटा करायचा नाही. व्यापारी ते. उठले, बाहेर गेले, आणि मिरजगावला फोन लावला. त्यांचा हळू आवाज म्हणजे काय हे वर सांगितलंच आहे.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आत्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर.

"पोरी, आता वझं उचलायचं न्हाई," ती दारातूनच म्हणाली.

"कसलं ओझं?"

"लाजू नगंस गं. देवानं दिलंय, उशिरा का हुईना."

सौ.नी माझ्याकडं जी नजर टाकली तिच्यापुढं उसाचा ट्रॅक्टर फुलासारखा होता. आत्याची समजूत घालेपर्यंत अर्धे लाडू मी खाल्ले, आणि बाळंतिणीचे लाडू खाल्ल्याबद्दल पुढं वर्षभर ऐकून घेतलं.

आत्या गेल्यावर सौ.नी टॅब ओढून घेतला. "बघा नीट. हे सेटिंग. इथं सगळ्या साइट्सच्या खुणा पुसता येतात." तिनं बोट दाबलं. "झाली म्हैस धुऊन. आता कुणाला काही ओळखू येणार नाही."

खरंच आलं नाही. तिच्या शाळेची साइटसुद्धा तिला ओळखेना. वीजबिलाची ओळखेना. सगळीकडं पासवर्ड मागायला लागले, आणि पासवर्ड आठवायचे म्हणजे आमच्या घरात गणपतीच्या आरतीसारखं, प्रत्येकाला एकेक ओळ येते. ते निस्तरल्यावर तिनं दुसरं बटण दाखवलं: चहावाल्यांच्या खुणा तेवढ्या बंद करायच्या, दुकानदाराच्या राहू द्यायच्या. हे मला फार पटलं. पण ते बंद केलं तर आण्णांच्या कुस्तीच्या पानावर पैलवानच दिसेनात. "काही साइट्स रुसतात असं केलं की," म्हणून तिनं ते पुन्हा उघडं ठेवलं.

"आता ऐका. यापुढं बारीक अक्षरात 'नाकारा' असतं ते शोधायचं. नसलं तर 'पर्याय' मध्ये जाऊन फक्त गरजेपुरत्या ठेवायच्या. चोरून बघायचं असेल तर खासगी खिडकी उघडायची. ती बंद केली की तिच्यातल्या खुणा तिच्याबरोबर जातात. पण त्यामुळं तुम्ही अदृश्य होत नाही, साइटवाल्याला दिसताच. फक्त घरच्या टॅबवर माग राहत नाही. आणि सगळ्यात बरं म्हणजे तुम्ही टॅबला हातच लावू नका."

मी शपथ घेतली. हातच काय, मी टॅबच्या खोलीतसुद्धा तिरका चालायला लागलो. आठवडाभर कुस्तीच्या बाजूला ट्रॅक्टरचे टायर आणि हळदीचं लोणचं, असला निरुपद्रवी माल येत राहिला.

आणि एके दिवशी सौ. टॅब घेऊन दुकानात आल्या. भर गिऱ्हाइकीत.

"शपथ घेतली होती ना?"

पडद्यावर कानाचं मशीन.

"तुझी आण, मी नाही!"

"मग खुणा पुसल्यावर या आल्या कुठून? आपोआप गेरू लागतो का? कुणीतरी त्या दुकानात जाऊन आल्याशिवाय..." ती थांबली. पडदा जवळ घेतला. "अहो, तुम्ही कानामागं बसणारं बघत होता ना, दणकट?"

"हो. म्हशीनं पाय दिला तरी..."

"हे वेगळं आहे. हे कानाच्या आत जातं. आणि वर लिहिलंय काय, 'कुणाला दिसणार नाही.'"

मी बोटांवर हिशेब केला. घरात माणसं तीन. त्यातली दोन दुकानात उभी.

मी पेंडीचं माप गिऱ्हाइकाच्या हातात देऊन घराकडं सुटलो. आण्णा घरात नव्हते. गोठ्यात नव्हते. मागच्या शेतात कडब्याच्या गंजीआडून आवाज येत होता. येत होता म्हणजे काय, म्हशींनी रवंथ थांबवला होता आणि लिंबावरचे कावळे उठून गेले होते. मी गंजीला पाठ लावून उभा राहिलो. पलीकडं आण्णा, कुणाला कळू नये म्हणून शेताच्या टोकाला येऊन, टॅब हाताशी नाही म्हणून मोबाईलच्या माईकमध्ये बोलून शोधत होते:

"कानाचं मशीन! बारकं! न्हाई, न्हाई, येवढं मोटं नगं! दिसायला नगं! कुनाला कळायला नगं!"

ते पलीकडच्या सोनई गावापर्यंत सगळ्यांना कळलं असावं.

मला हसू फुटलं, ते मी कडब्यात तोंड खुपसून दाबलं. आणि तिथंच, तोंडात कडबा असताना, एक गोष्ट लक्षात आली. चारचौघं हसली की आण्णा थोड्या उशिरानं हसतात, हे मी कित्येक वर्षं बघत होतो, आणि त्याला त्यांचा रुबाब समजत होतो. ट्रॉलीचा वारा त्यांनाही लागला होता, आपण थोडक्यात वाचलो हे कळलं होतं. त्यांनी फक्त मला तसं दाखवलं नव्हतं.

पाय न वाजवता परत फिरलो. वाजवले असते तरी चाललं असतं, पण सवय.

"आता काय करायचं?" मी सौ.ना विचारलं.

"काही नाही. त्या जाहिराती पुसायच्या नाहीत, आणि आपल्याला काही माहीत नाही. त्यांचा सौदा त्यांना करू द्या."

आण्णांनी सौदा केला, आणि तो त्यांच्या कीर्तीला शोभेल असा केला. जेवताना त्यांनी माझ्याकडं बराच वेळ काळजीनं बघितलं आणि म्हणाले, "तुला हल्ली कमी ऐकू येतं."

"मला?"

"बग, दोनदा सांगावं लागतं." ते सुनेकडं वळले. "सूनबाई, ह्याचं वय हाय का असं? उद्या रस्त्यात हार्न ऐकू आला न्हाई तर? ह्याला नगरला दाखवून आनतो."

सौ.नी पदर तोंडाला लावला. "मला पण वाटतच होतं, आण्णा," ती त्यांच्या कानाशी ओरडली. "कधीपासनं सांगतेय यांना!"

आम्ही तिघं नगरला गेलो. दवाखान्यात आण्णांनी तपासणीच्या बाईंना सांगितलं, "ह्यो माझा पोरगा. लई भैरा झालाय." मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "यांचे कान एकदम उत्तम आहेत, काका."

आण्णांनी गंभीरपणे मान हलवली. "बगा! म्हनलं नव्हतं मी?"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी हळूच हात जोडले. शहाण्या होत्या. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "काका, आलाच आहात तर तुमचेही बघून टाकू?"

"आता पोरासाठी आलोच हाय तर बगा," आण्णा म्हणाले, आणि बाईंच्या आधी काचेच्या खोलीत जाऊन बसले.

चाचणी सुरू झाली आणि बाई चक्रावल्या. आण्णा प्रत्येक शिट्टीला बटण दाबत होते, मांजरालाही ऐकू येणार नाही अशा शिट्टीलासुद्धा. "यांना काय अडचण आहे?" बाईंनी मला विचारलं. मी काचेतून बघितलं. आण्णांचे डोळे बाईंच्या भुवईवर. बाई आवाज सोडताना त्यांची उजवी भुवई किंचित वर जायची, आणि माणसाचा चेहरा वाचण्यात आण्णांनी जन्म काढला होता.

"ताई," मी म्हटलं, "खुर्ची फिरवून बसा."

त्यांनी पाठ फिरवली. आण्णा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले. बराच वेळ. शिट्ट्या येऊन गेल्या असतील, अंगठा काही हलला नाही. मग त्यांनी काचेतून माझ्याकडं बघितलं. पकडले गेल्याचं ते हसू मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच बघितलं. मी लगेच भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र वाचायला लागलो.

मशीन त्यांना पाहिजे तेच मिळालं, आत बसणारं, न दिसणारं. गाडीत बसल्यावर आमच्या सौ. मागं अगदी पुटपुटल्या, "चला, आता टीव्हीचा आवाज तरी कमी होईल."

"व्हय, व्हईल," आण्णा पुढून म्हणाले. "आन् तू मला मागनं काय काय बोलायचीस, ते आता समदं कळंल."

सौ.नी खिडकीबाहेरच्या उसाकडं तोंड फिरवलं. आमच्या घरात आता कुणी पुटपुटत नाही. म्हातारा गोठ्यातून स्वयंपाकघरातलं ऐकतो.

जाहिराती मात्र थांबेनात. मशीन घेऊन झालं तरी मशीनच. आण्णा चिडले, "घेतलं की आता! आजून काय तिसरा कान फोडू?" तेव्हा सौ.नी त्यांना खुणा पुसायला आणि 'नाकारा' दाबायला शिकवलं. आण्णांना ते भलतंच आवडलं. नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. आता ते गरजेच्या खुणासुद्धा पुसून टाकतात, आणि बाजारभावाची साइट रोज नव्यानं विचारते, तुमचा जिल्हा कोणता? "काल सांगितला हुता की तुला," आण्णा तिला सुनावतात, आणि जिल्हा पुन्हा निवडतात.

बाजारात त्यांनी काय सांगितलं हे मला मागाहून कळलं. पोराला नगरला न्यावं लागलं, कान गेले बिचाऱ्याचे, आत मशीन बसवलंय पण ते दिसत नाही. न दिसणाऱ्या मशीनचा हा एक फायदा जाहिरातवाल्यांनीसुद्धा लिहिलेला नव्हता. ते ज्याच्या कानात आहे म्हणाल त्याच्या कानात असतं. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण माझ्याशी शेतातून हाक मारल्यासारखा बोलतो. परवा काष्टीचा एक म्हातारा व्यापारी सरकी पेंड न्यायला आला. त्यानं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं, कानाला तोंड लावलं आणि असा ओरडला की पोत्यांवरची धूळ उडाली, "तुमचं वडील लई काळजी करत्यात तुमची!"

बाहेर बाकावर आण्णा बसले होते. त्यांना ते व्यवस्थित ऐकू गेलं होतं. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांची पाठ ताठ झाली.

मी हात कानामागं नेला, डोळे बारीक केले आणि म्हाताऱ्याला विचारलं, "काय?"